मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हे विचारायचं कशाला?

मानसी_चिंचवड:
धाकटी बहीण एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनच्या जागेसाठी गेली होती. बीकॉम, टॅली येतं, दोन वर्षांचा अनुभव. पहिला प्रश्न, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ दुसरा, ‘चष्मा कायमचा आहे का?’ टॅलीचा विषयच निघाला नाही. बाहेर पडताना कानावर आलं, ‘जरा उजळ असती तर...’ घरी येऊन तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि लेन्स कितीला बसतात ते विचारलं. मला बघवेना. जाहिरातीतल्या ‘प्रेझेंटेबल’चा अर्थ गोरी, एवढाच का? रंग, लग्न, मूल हे विषय मुलाखतीत काढूच नयेत.

कारखानदार_भोसरी:
ताई, रंगावरून बोलले ते वाईटच. पण लग्नाचं मीही विचारतो. माझ्याकडे २४ माणसं. २०१७ पासून बाळंतपणाची रजा १२ ची २६ आठवडे झाली, तीही भरपगारी. पैसे मालकाचे, वर बदली माणूस शोधा. मोठ्या कंपन्यांना झेपतं, आम्हाला नाही.

अनघा_पेरोल:
दादा, मी पगारपत्रकंच करते. तुमच्या कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असणार. २१,००० पर्यंत पगार असलेल्या बाईच्या रजेचे पैसे ईएसआय देतं, तुमच्या खिशातून जात नाहीत. रिसेप्शनला २१,००० कोण देतं? आणि मुलगा घेताना ‘वर्षभरात सोडून जाशील का’ म्हणून कधी अडवलंत?

सेल्स_कोथरूड:
काउंटरवर गिऱ्हाईक चेहरा बघतं, हे मान्य करा की.

मानसी_चिंचवड:
लॅबमध्ये माणूस रिपोर्ट न्यायला येतो. नाव नीट लिहिलंय का, वेळेवर मिळालं का, एवढंच त्याला हवं असतं. ‘कामाची गरज’ हे कारण जुनंच आहे. पहिल्या गरोदरपणात एअर इंडिया हवाई सुंदरींची नोकरी संपवायची. सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये तो नियम रद्द केला.

कारखानदार_भोसरी:
ईएसआयचं पटलं. पण माझ्या सुपरवायझर बाईंना ३०,००० आहेत, त्या ईएसआयमध्ये बसत नाहीत. तो भार एकट्या मालकावर का? सरकारने वाटा उचलावा, मी विचारणं सोडतो.

अनघा_पेरोल:
वाट्याची मागणी रास्त आहे. निवेदन लिहा, पहिली सही माझी. पण ते मंजूर होईपर्यंत मुलींना घरी पाठवणार का? विचारणं आजच सोडा.