मार्क १३:३२ ‘पुत्रालाही ठाऊक नाही’, हे मुलांना कसं सांगायचं?

नगरची_माहेरवाशीण:
सर्वांना सलाम. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. पुण्यात गेली ११ वर्षं संडेस्कूलला पाचवी ते सातवीची मुलं घेते. गेल्या महिन्यात मार्कचा तेरावा अध्याय घेतला. येशू परत येण्याचा तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही. सहावीतला एक मुलगा म्हणाला, “टीचर, येशू देव आहे ना? मग त्याला कसं माहीत नाही?” पुढच्या रविवारी सांगते, म्हटलं. चार रविवार गेले.

वही घेऊन चारही शुभवर्तमानं परत वाचली. दोन रकाने आखले. एका बाजूला योहान १४:२८, पिता माझ्यापेक्षा थोर आहे; आणि योहान १७:३, जिथे येशू पित्याला ‘एकच खरा देव’ म्हणतो. दुसऱ्या बाजूला योहान १:१, ‘शब्द देव होता’, आणि शिष्य थोमाने येशूला म्हटलेलं ‘माझा प्रभू, माझा देव’. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा शब्द कुठेच सापडला नाही. माझा सगळा भरवसा १ योहान ५:७ वर होता. आजोबांच्या किंग जेम्समध्ये, म्हणजे जुन्या इंग्रजी बायबलमध्ये, तिथे स्वच्छ लिहिलंय, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, हे तिघे एक. माझ्या मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) त्या जागी आत्मा, पाणी आणि रक्त, एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बायबल अभ्यासात विचारलं, तर एक वडीलधारे म्हणाले, असे प्रश्न सैतान घालतो, प्रार्थना वाढव. प्रार्थना मी करतेच आहे. पण आता चर्चमध्ये निकायाचा मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची जाहीर कबुली, म्हणताना पिता आणि पुत्र तत्त्वाने एक, ही ओळ आली की माझा आवाज बंद होतो. मला कोणाशी भांडायचं नाही. देवासमोर उभं राहून न पटलेलं बोलायचं नाही, एवढंच.

जुनी_पाने:
ताई, आधी ५:७ चं सांगतो. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वाक्य नाही. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रतींतही नाही. ते लॅटिनमधून आलं. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातलं. तिथून ते १६११ च्या किंग जेम्समध्ये गेलं. तुमचं मराठी शास्त्र बरोबर आहे. पण तो आधार गेला म्हणून सगळंच गेलं असं नव्हे. ३२५ साली निकायाच्या धर्मसभेत, पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही म्हणणाऱ्या एरियसविरुद्ध वाद झाला, तेव्हाही हे वाक्य कोणाच्या हातात नव्हतं.

आजोबांच्या त्याच प्रतीत मत्तय २४:३६ काढा. तिथे ‘पुत्रालाही नाही’ हे शब्दच नाहीत, मात्र जुन्या प्रतींत आहेत. कुणा नकलणाऱ्याला तुमच्या सहावीतल्या मुलासारखाच प्रश्न पडला असणार. मार्कमध्ये मात्र ते टिकले, हे मला फार मोलाचं वाटतं.

वसईकर:
आम्ही कॅथलिक, तरी सांगतो. फिलिप्पै २:६-७ वाचा, त्याने स्वतःला रिक्त केलं. लूक २:५२ मध्ये येशू ज्ञानाने वाढत गेला असं आहे. जो वाढतो त्याला एखादी गोष्ट ठाऊक नसणारच. तो खरोखर माणूस झाला, दाखवण्यापुरता नाही.

नगरची_माहेरवाशीण:
दादा, हे माझ्याही मनात आलं होतं, आणि अर्धं पटतं. पण मार्कची चढण बघा. माणसं, मग देवदूत, मग पुत्र, मग पिता. इथे ‘पुत्र’ म्हटलंय, तेही दूतांच्या वरच्या पायरीवर. नुसता माणूस येशू म्हणायचा असता तर तो दूतांच्या वर कशाला? तिथेच मी अडकले आहे.

दौंडकर:
ताई, माझी आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून लिहिते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर, चेल्टनहॅमला असताना, त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवपण या दोन्हींवरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून त्यांचा वाद चालला. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी लिहिलं. ती इंग्रजी पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली आहेत. पुढे त्यांनी ख्रिस्ताचं देवपण मनापासून मानलं, हेही सांगायला हवं. पण कोणी दटावलं म्हणून नव्हे. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र त्यांनी मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. तुम्हाला सैतानाचं नाव घेऊन गप्प करणाऱ्यांना ही पत्रं वाचायला द्या.

नगरची_माहेरवाशीण:
वाचताना डोळे भरून आले. बाप्तिस्म्यानंतर वाद, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

येत्या रविवारी मार्क १३:३२ आणि फिलिप्पै २ शेजारी शेजारी वाचून घेईन. मुलाला सांगेन की तुझा प्रश्न फार जुना आहे, आणि मीही अजून शोधते आहे. मतांगीकाराचं काही ठरलेलं नाही. दौंडकर ताई, रमाबाईंच्या भाषांतराची प्रत आजीकडे असेल तर १ योहानाच्या पाचव्या अध्यायाच्या पानाचा फोटो टाकाल का? सातव्या वचनात त्यांनी काय लिहिलंय ते मला बघायचंय.