लाईन ते अर्थ बसवलेली गॅस ट्यूब हाय-पॉट चाचणीच्या वेळी काढणे योग्य आहे का?

प्रश्न

तांब्याच्या टेलिफोन जोडीवर चालणाऱ्या आणि साध्या तीन पिनांच्या प्लगने मेन्सला जोडल्या जाणाऱ्या मोडेमच्या रचनेचे काम मी करत आहे. विजेच्या सर्जपासून (क्षणिक जास्त व्होल्टेजपासून) बचाव व्हावा म्हणून लाईनच्या दोन्ही तारांपासून अर्थपर्यंत (अर्थिंगच्या तारेपर्यंत) २३० व्होल्टच्या गॅस ट्यूब, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारे वायू भरलेले सर्ज-रोधक, बसवल्या आहेत. लाईन आणि अर्थ यांच्यात १.५ किलोव्होल्टची हाय-पॉट चाचणी (उच्च व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणे) सुरू केली की ट्यूब पेटते, म्हणजे वाहू लागते, आणि चाचणीचे यंत्र ट्रिप होते. आयईसी ६२३६८-१ या उपकरण-सुरक्षेच्या मानकानुसार चाचणीपुरती ट्यूब काढता येते, असे सहकारी सांगतात. ज्या भागामुळे उपकरण नापास होते तोच बाजूला ठेवून ते पास करून घेणे मला पटत नाही.

प्रतिसाद १

मुभा आहे हे खरे, परंतु तिच्यासोबत एक अट येते आणि आपली ट्यूब नेमकी तिथेच अडकते. चाचणी इन्सुलेशनची असते, त्यामुळे ट्यूब काढण्यात गैर काही नाही. मात्र मेन्स १३० व्होल्टपेक्षा जास्त असेल तर लाईन आणि अर्थ यांना जोडणारा सर्ज-रोधक किमान ३६० व्होल्टपर्यंत वाहू लागता कामा नये, आणि त्यावर उत्पादनातील फरक व जुनेपणा यांची भर धरावी लागते. २३० व्होल्टचे शिखरमूल्य ३२५ व्होल्ट असते. मेन्स दहा टक्क्यांनी वाढला तर ते ३५८ च्या जवळ जाते.

ही अट मोडेमसाठी नसून लाईनमनसाठी आहे. प्लगमधली अर्थची तार तुटलेली आहे आणि आत फेज बॉडीला लागला आहे, असे धरा. विद्युतप्रवाहाला जमिनीकडे जायला वाट नसल्याने फ्यूज उडत नाही. बॉडीवरचा व्होल्टेज आपल्या २३० व्होल्टच्या ट्यूबमधून जोडीवर जातो, आणि त्याच वेळी दूर खांबावरच्या डबीत कोणीतरी त्या जोडीची सोललेली टोके बोटांनी पिळत असतो. त्याने एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टचा अंदाज धरलेला असतो, मेन्सचा नव्हे.

ट्यूबवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. फरक ±२० टक्के असेल तर ४०० व्होल्टची ट्यूब ३२० लाच पेटू शकते, म्हणजे तीही चालणार नाही. ६०० ची ट्यूब ४८० पर्यंत थांबते.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त ट्यूबचा व्होल्टेज वाढवला की तिच्यामागच्या घटकांना सर्जच्या वेळी अधिक ताण सोसावा लागतो, हे आयटीयू-टी के.२१ या दूरसंचार मानकातल्या १०/७०० सर्जने (१० मायक्रोसेकंदांत चढून ७०० मध्ये निम्म्यावर येणाऱ्या) वेगळे तपासावे. ते मानक उपकरणाच्या टिकाऊपणाचे आहे, माणसाच्या सुरक्षेचे नाही. कायमस्वरूपी वायरिंग केलेल्या किंवा औद्योगिक प्लगच्या उपकरणाला ३६० व्होल्टची अट लागू होत नाही, परंतु आपला प्लग साधा आहे. मी आपल्या जागी असतो तर अर्थकडची वाट पूर्ण काढून, लाईन ट्रान्सफॉर्मरने वेगळी करून, संरक्षण फक्त दोन तारांमध्ये ठेवले असते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डेटाशीट पाहिले, फरक ±२० टक्केच आहे, म्हणजे सध्याची ट्यूब १८४ व्होल्टलाही पेटू शकते. अर्थकडच्या दोन्ही ट्यूब आराखड्यातून काढत आहे आणि ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन १.५ किलोव्होल्टला पुन्हा तपासणार आहे.