लहान मुलं घरात असताना दिवस सावकाश कसा चालवता?

गोदाकाठ

नमस्कार. मुलगी सव्वाचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा अंबडच्या कंपनीत, शिफ्ट बदलत राहते. सासूबाई निम्मं वर्ष आमच्याकडे, निम्मं निफाडला. मुलगा झाल्यापासून मी घरी आहे आणि तो तीन वर्षांचा होईपर्यंत घरीच राहायचं ठरवलंय.

मला आमच्या दिवसातली घाई काढायची आहे. मुलीची बालवाडी साडेनऊ ते साडेबारा. तेवढी सोडली तर आम्हाला कुठेही वेळेत पोचायचं नसतं, तरी सकाळपासून घरात "आटप, चल, लवकर" एवढंच ऐकू येतं. मोजे घालताना टाच बरोबर टाचेवर आली का, ते ती वाकून बघते. नाही आली तर मोजा काढते, फिरवते, पुन्हा घालते. तेवढा वेळ तिला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. सोसायटीतल्या तिच्या वयाच्या मुली संध्याकाळी ॲबॅकस आणि फोनिक्सच्या क्लासला जातात. आम्ही दोघांनी ठरवून नाही म्हटलंय.

दोन वेळा मात्र जमत नाहीत. दुपारी मुलगा झोपतो, मुलगी झोपत नाही, आणि "आता काय करू" चालू होतं. दुसरी वेळ संध्याकाळची, साडेपाच ते साडेसात. स्वयंपाक व्हायचा असतो, मुलगा कडेवरून उतरत नाही, मुलगी टीव्ही मागते. फ्रिजवर चिकटवायचं वेळापत्रक नकोय. तुमच्या घरी या वेळेला खरोखर काय चालतं, ते सांगा.

चिंचवडचा बाबा

बायको हॉस्पिटलमध्ये नर्स, तिची पहिली पाळी असली की सकाळ पूर्ण माझ्याकडे. म्हणून सकाळचंच सांगतो. साडेनऊची बालवाडी ही मोठी सोय आहे, ती सोडू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग 9 वाजता किंवा त्यानंतर भरवा असा आदेश काढला, तो मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच.

आमच्याकडे मुलगा उठल्यावर आधी काही वेळ गॅलरीत बसतो, कुंड्यांना पाणी घालतो. तोवर शाळेचा विषय कुणी काढायचा नाही. डबा मी त्याच्या आधी उठून भरलेला असतो, कपडे रात्रीच खुर्चीवर. मोज्यांसाठी दहा मिनिटं हवीत तर दहा मिनिटं आधी मोजे हातात द्या, एवढं साधं आहे ते. "लवकर" म्हणायची वेळ आपली तयारी झालेली नसते तेव्हाच येते, असा माझा अनुभव.

डहाणूची ताई

गोदाकाठ, निवृत्त होईपर्यंत मी अंगणवाडी सेविका होते. आता दोन नातवंडं दिवसभर माझ्याजवळ असतात, तुझ्या मुलांच्याच वयाची.

आमच्या भागात लहान मुलांचं बोलणं कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आल्याशिवाय पुरं होत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. 1957 मध्ये ते काम कोसबाडला गेलं. मॉन्टेसरीची साधनं महागडी, म्हणून या बायांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. शासनाची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. चार वर्षांच्या मुलीला शिकायला जे लागतं ते तुझ्या घरात आत्ता आहे. क्लासला नाही म्हणालीस ते उत्तम केलंस.

माझं सांगणं एकच आहे. आधी मुलांना रमवायचं आणि मग काम उरकायचं, असे दोन भाग पाडू नकोस. काम त्यांच्यासमोर कर, खाली बसून कर, आणि त्यात त्यांचा खरा वाटा ठेव. ओट्याशी उभी राहिलीस की दीड वर्षाच्या मुलाला आईचे फक्त पाय दिसतात. मग तो कडेवर येणारच. हातात काय चाललंय ते त्यालाही बघायचं असतं.

आमच्याकडे दुपारी धाकटा झोपला की मी आणि नात वाल सोलायला बसतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे. परात मध्ये, पाय पसरून दोघी दोन बाजूंना. वाल दोन बोटांत धरून मागून दाबला की डाळिंबी सुळकन पुढे निघते आणि साल बोटांत राहतं. पहिल्यांदा दाबते तेव्हा डाळिंबी उडून पलंगाखाली जाते. ती उठते, शोधून आणते, पाण्यात धुते, वाटीत टाकते. मग जोर किती लावायचा ते बोटांना कळायला लागतं, आणि त्यानंतर बाई बोलत नाहीत! ओठ दुमडून, मान खाली घालून तासभर चालतं. पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात. मध्येच सालं वेगळी, डाळिंब्या वेगळ्या असे ढीग होतात, त्यांचे आणखी छोटे ढीग होतात. मी मोजायला सांगत नाही, ती आपणहून मोजते. रात्री पानात बिरडं आलं की आजोबांना सांगते, "हे मी सोललंय." आजोबा तिला पुन्हा वाढायला सांगतात.

मटार, गवार, लसूण, भुईमुगाच्या शेंगा, कढीपत्त्याची पानं, सगळं असंच चालतं. फक्त धाकटा जागा असताना दाणे, वाल, मटार त्याच्या हाताशी ठेवू नकोस, घशात अडकतात. त्याला बटाटे दे. टोपलीतले बटाटे पातेल्यात, पातेल्यातले टोपलीत. किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा.

आता संध्याकाळ. साडेपाचला स्वयंपाक सुरू करूच नकोस. भाजी दुपारीच चिरून, कुकर पाचच्या आत लावून मोकळी हो आणि त्या वेळेला दोघांना घेऊन खाली उतर. नुसतं खाली. बागेत न्यायला हवं असं नाही. मुंग्यांची रांग, वॉचमनकाकांची खुर्ची, पार्किंगमधलं मांजर पुष्कळ होतं. धाकट्याला जिना स्वतः उतरू दे, रेलिंग धरून, तू एक पायरी खाली. तिसऱ्या मजल्यावरून वेळ लागेल. लागू दे, तोच त्याचा खेळ. दिवेलागणीला वर या, हातपाय धुवा, देवापाशी दिवा लावा, शुभंकरोती म्हणा. मग पोळ्या. मी खाली बसूनच लाटते. नातीला छोटं लाटणं आणि गोळा, धाकट्याला नुसता गोळा. तिची पोळी कुठल्या आकाराची होईल ती होऊ दे, पण तव्यावर जायलाच हवी आणि कुणाच्या तरी पानात वाढायलाच हवी. खरा वाटा म्हणाले तो हाच.

सात-सव्वासातला जेवण, साडेआठला अंथरूण. झोपेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, ते आम्ही पालकांनाही सांगायचो: 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास, 3 ते 4 वर्षांच्याला 10 ते 13 तास. टीव्ही-मोबाइल 1 वर्षाच्या मुलाला नकोच, 2 ते 4 वर्षांच्यांना दिवसाला तासाच्या वर नको आणि त्याहून कमी तितकं चांगलं. मुलगी दुपारी झोपत नाही ना, मग रात्रीची झोप तिला पुरी मिळाली पाहिजे. नवऱ्याची दुसरी पाळी असेल तर बाबांसाठी मुलांना जागवू नकोस. बाबांनी सकाळचा वेळ घ्यावा.

दोन नोकऱ्यांचं घर

ताई, वाचून बरं वाटलं, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? दोघंही नोकरीला, मुलगी पाळणाघरात, घरी यायला पावणेसात. त्या वेळी खाली बसून वाल सोलायला कुठला वेळ? सावकाश दिवस ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी ठीक आहे.

डहाणूची ताई

खरंय तुमचं. माझ्या अंगणवाडीतल्या निम्म्या आया वीटभट्टीवर नाहीतर चिकूच्या वाडीत कामाला जायच्या, अंधार पडल्यावर परत यायच्या. त्यांना मी कधी दिवस बदला म्हटलं नाही. दारात आल्यावर पिशवी ठेवायची आणि मुलाला जवळ घेऊन टेकायचं, एवढंच सांगायचे. चूल नंतर. पोराचं पोट आईने भरलं की ते आपणहून उठतं, मग हाताखाली येतं.

तुमच्याकडे रोजचं एक काम पूर्ण मुलीचं करा. ताटं मांडणं, पाण्याचे पेले ठेवणं, काहीही. तिने मांडल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. तिला पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं भूक धरायची. रोज तेवढीच पाच मिनिटं सावकाश गेली तरी चालतील, पण ती मोडायची नाहीत.

गोदाकाठ

ताई, चिंचवडचे बाबा, दोघांचे आभार. कुकर पाचच्या आत, हे आजच करते. जिन्याचंही पटलं, मी त्याला नेहमी उचलूनच उतरवते. वालाचं विचारायचं होतं, आमच्याकडे सासूबाई मटकी-हुलगे करतात, वाल मी कधी केले नाहीत. कुठले घ्यायचे, किती भिजवायचे?

डहाणूची ताई

कडवे वाल माग. दाणा लहान असतो, किंचित कडसर, पण बिरड्याला चव त्याचीच. सकाळी भिजत घाल, रात्री निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून झाकून ठेव. नाशिकच्या थंडीत मोडांना दोन दिवसही लागतील, तेव्हा पुरचुंडी ओट्यापेक्षा गॅसजवळच्या उबेला ठेव. सोलायच्या आधी थोडा वेळ कोमट पाण्यात टाक, फार गरम पाणी घेतलंस तर दाणा अर्धवट शिजतो आणि मुलीच्या बोटांत फुटतो. पहिल्या खेपेला वाटीभरच भिजव. दोघींना तेवढे पुरतील.