नळ दोघांनी तोडला, शाळा एकाचीच सुटली

पांझराकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. जिल्हा धुळे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या पारावर माझीच सुनावणी होईल.

झालं असं. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं धुवायला झुंबड उडाली. आधी कोण, यावरून सहावीच्या दोन पोरांची ओढाताण झाली. दोघांनीही नळ धरून ठेवलेला. तो मुळासकट हातात आला, कारंजं उडालं, टाकी अर्धी रिकामी झाली. त्यातला एक दूध डेअरीवाल्यांचा. त्याच्या वडिलांना फोन गेला, ते दहा मिनिटांत मोटरसायकलवर हजर. "ल्हान शे गुरुजी, जाऊ द्या." विषय मिटला.

दुसरा भिलाटीतला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतला. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेत, पोरगा आजीजवळ असतो. त्याला दुपारभर ध्वजस्तंभाजवळ अंगठे धरायला लावलं आणि बजावलं, "बापाला आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही." बाप होळीला येणार.

दुसऱ्या दिवशी आजी आली होती. फाटकाशी बराच वेळ उभी राहिली, कोणी आत बोलावलं नाही, निघून गेली. पोरगा अकरा दिवस घरी. मी हजेरीपट उघडून पाहिला, तर अकराही दिवस गैरहजर. म्हणजे कागदावर तो स्वतःच आला नाही.

छडी असावी की नसावी यावर पुष्कळ भांडून झालंय. माझा सवाल वेगळा आहे. एकच नळ, एकच वेळ, मग शिक्षा दोन का? "पालकांना घेऊन ये" ही दिसायला सगळ्यात मऊ शिक्षा. पण ज्याचा बाप तीन महिने दुसऱ्या राज्यात आहे, त्याच्यासाठी ती दाखला हातात देण्यासारखीच झाली ना? तुमच्याकडे काय चालतं?

निंबाचा पार

आमच्या वेळी हे असले धागे निघाले नसते. माझे आबा मला शाळेत घालताना गुरुजींना म्हणाले होते, "कातडं तुमनं, हाडकं आमनं." पाढा चुकला की दोन बोटांत पेन्सिल धरून दाबायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण तेवीस एकोणतीस किती, आजही झोपेतून उठवून विचारा. त्या माराच्या जोरावर आज पुण्यात दोन खोल्यांचा का होईना, स्वतःचा फ्लॅट आहे. आता मुलांना 'बेटा' म्हणायचं, आणि बेटा वर्गात मोबाईल काढतो.

कळण्याची भाकरी

@निंबाचा पार, तुमच्या वर्गात तुमच्यासोबत मार खाणारे सगळेच पुण्याला पोचले का हो?

माझा थोरला भाऊ चौथीत होता. पाठीवर पाटी ठेवून ओणवं उभं करायचे, पाटी पडली की एक छडी. एकदा पाटी पडून फुटली. घरी सांगितलं तर पाटीचे पैसे गेले म्हणून घरी मार, शाळेत पाटी नाही म्हणून तिथे मार. आठवडाभर तो दप्तर घेऊन निघायचा आणि केळीच्या बागेत बसून राहायचा. मग दप्तर पण बंद झालं. आज तो रावेरला ट्रकमध्ये केळीचे घड भरतो. असल्या चर्चांत तो लिहायला येत नाही, म्हणून इथे सगळे 'मार खाऊन घडलेले'च दिसतात.

गिरणाकाठचा गुरुजी

बावीस वर्षं नोकरी झाली, सगळी जिल्हा परिषदेत. पोराला अकरा दिवस बाहेर ठेवणं चूक, हे आधीच म्हणून टाकतो, म्हणजे पुढचं वाचाल.

आता माझी बाजू. पहिली ते सातवी, शिक्षक तीन. त्यातला एक बीएलओ, म्हणजे निवडणुकीच्या कामाला जुंपलेला, म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार. दुसरा पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरतोय, त्यात रेंज नसली की तेवढ्यासाठी गच्चीवर. उरला मी. दोन वर्ग एका खोलीत आणि तिसरा व्हरांड्यात. अशात व्हरांड्यातल्या एकाने दुसऱ्याच्या डोक्यात दगड घातला. रक्त आलं. मी काय करू? हात लावायचा नाही, बरोबर. बाहेर काढायचं नाही, बरोबर. नापास करायचं नाही, हेही वर्षानुवर्षं ऐकलं. ओरडलो तर मानसिक छळ. पालकांना बोलावलं तर हा धागा. मला काय करायचं नाही याची यादी पाठ आहे. काय करायचं, याचं प्रशिक्षण बावीस वर्षांत मला तरी मिळालेलं नाही. मिळालं ते ॲप कसं भरायचं याचं.

आणि ज्याचं डोकं फुटलं, त्याच्या न्यायाचं कोण बोलतं? त्याची आई संध्याकाळी माझ्या दारात उभी होती.

फौजदारी डाळ

कायदा काय म्हणतो तेवढं मांडतो, कारण या धाग्यावर अंदाजपंचे फार होणार.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, आणि मोडणाऱ्यावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. कलम 16 मधला नापासाचा भाग 2019 च्या दुरुस्तीने सैल झाला, पाचवी-आठवीला परीक्षा आली. पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही, ही तरतूद तशीच आहे. तेव्हा बाप येईपर्यंत बसू न देणं याला तोंडी का होईना, काढून टाकणंच म्हणतात. हजेरीपटात गैरहजर लावल्याने ते झाकलं जाईल, पण नियमात बसणार नाही.

गुरुजी, तुमच्याही बाजूने सांगतो. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, हे त्याच कायद्यात आहे. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. कलम 17 मोडलं की शिक्षक निलंबित होतो. शिक्षक कमी दिल्याबद्दल कोणी निलंबित झालेलं मी अजून पाहिलं नाही.

निंबाचा पार

कलमं वाचून पोरं सुधारत असती तर कोर्टाबाहेर एवढी गर्दी नसती.

तोरणमाळ

मी आश्रमशाळेत शिकलो, पहिलीपासून. घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली बोलायचो, पुस्तकातली मराठी आम्हाला तितकीच परकी जितकी तुम्हाला गुजराती. वर्गात पावरी शब्द तोंडातून निघाला की एक उठाबशी, असा नियम. पहिल्या वर्षी मी पाणी मागायला घाबरायचो, कारण कुठला शब्द कुठल्या भाषेतला तेच कळत नव्हतं. सर हजेरी घेताना आमच्यातले निम्मे गप्प. त्यावर शेरा: 'उद्धट, उत्तर देत नाही.'

पुढे एक बाई आल्या, साक्री तालुक्यातल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी फळ्यावर तीन रकाने पाडले: मराठी, अहिराणी, पावरी. रोज दहा शब्द, पावरी रकाना आम्ही सांगायचा. महिन्याभरात उद्धट पोरं कुठे गेली देव जाणे. तेव्हा बेशिस्त म्हणून जे लिहिलं जातं, त्यातलं खरंच बेशिस्त किती, हे आधी बघा. अहिराणी बोलणाऱ्या पोरांनाही 'गावंढळ बोलू नको' म्हणून टपली मिळतेच की. धुळ्या-जळगावच्या किती शाळांत ते अजून चालतं, तुम्हीच सांगा.

बोरीकाठ

आमच्या अमळनेरातच साने गुरुजी होते. 1924 ते 1930 शाळेत शिकवलं, वसतिगृह सांभाळलं. पोरांनी खोली घाण ठेवली तर स्वतः झाडून काढायचे, मग पोरांनाच लाज वाटायची. खान्देशाला हे बाहेरून शिकायची गरज आहे का?

गिरणाकाठचा गुरुजी

साने गुरुजींना बीएलओची ड्युटी नव्हती.

(चेष्टा नाही. मी वर्ग झाडतो. पोरं म्हणतात, सर तिकडे पण राहिलं.)

कळण्याची भाकरी

😂 तरी गुरुजी, दगडवाल्याचं पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत.

गिरणाकाठचा गुरुजी

सांगतो, पण यातून काही सिद्ध होतं असं समजू नका.

आधी जे येतं तेच केलं. दोन दिवस माझ्या टेबलाशेजारी बसवला. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर काही केलं नाही, मी पाठ फिरवली की केलं. म्हणजे तो एवढंच शिकला की सर बघत असताना करायचं नाही. मग संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बाप सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा गडी, शेतातच राहायला. आई कापूस वेचून आलेली, बोटं बोंडांनी चिरलेली. कळलं की पोरगा पहाटे बैलांचं शेणपाणी करून, न जेवता शाळेत येतो आणि खिचडीच्या रांगेत कोणी पुढे घुसलं की त्याचं डोकं फिरतं. भांडण तिथलंच होतं. खिचडीची वेळ आधी करणं माझ्या हातात नव्हतं. वाढायचा चमचा त्याच्या हातात दिला, एवढं होतं. रांग तोच लावतो. दगड परत नाही.

पण ज्याचं डोकं फुटलं तो मला म्हणाला, "सर, मीबी दगड मारला असता तर मालेबी चमचा भेटता ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

निंबाचा पार

तेच म्हणतोय मी! साध्या पोराने काय घोडं मारलंय? वर्षभर गुमान बसणाऱ्याला काहीच नाही, आणि डोकं फोडणाऱ्याला मॉनिटरकी.

तोरणमाळ

@निंबाचा पार, यावेळी तुमच्याशी अर्धा सहमत. चमचा द्यायच्या आधी त्याने ज्याचं डोकं फोडलं त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर उभं राहायला हवं होतं. अंगठे धरून नाही, नीट उभं राहून बोलायला. आमच्या पाड्यावर भांडण झालं की दोन्हीकडचे बसतात, काय नुकसान झालं ते ठरतं, भरतात, उठतात. शाळेत मात्र नुकसान एकाचं आणि माफी सरांची मागायची.

पांझराकाठ (धागाकर्ता)

बरंच कळलं. गुरुजींची अडचण मी धागा काढताना धरली नव्हती, ते मान्य. शिक्षा दोन का, हा सवाल मात्र सोडत नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेनंतर समितीची बैठक झाली. मुख्याध्यापक आधी चिडले. "तुम्हीच सांभाळा मग" वगैरे झालं. शेवटी दोन गोष्टी लिहून घेतल्या: पालक आले नाहीत म्हणून कोणाला बाहेर ठेवायचं नाही, आणि आजी-आजोबा, काका, जो घरी असेल तो पालक धरायचा. गाव सोडून गेलेल्यांशी फोनवर बोललं तरी चालेल. पोरगा सोमवारपासून बसतो. आजी पण आली, या वेळी खुर्ची दिली.

रात्री माझ्याच फोनवरून त्याच्या बापाला लावला. मागे ट्रक भरायचा गलका. सगळं सांगितलं. तो थोडं थांबला आणि म्हणाला, "नळ कितलाले येस, भाऊ?" मी म्हटलं साडेतीनशे, मजुरी धरून. तो म्हणे, "दोन्हीस्नी तोडा ना? मंग अर्धा पैसा मी दिसू."

दुसऱ्या अर्ध्यासाठी डेअरीवाल्यांना अजून कोणी फोन केलेला नाही.

गिरणाकाठचा गुरुजी

खरं सांगू? तो फोन मीही टाळला असता. माझ्या खोलीवर रोजचं दूध तसल्याच एका घरून येतं.