अडनिडं, अवघडलेलं की कानकोंडं?

प्रश्न

टॉड सोलॉन्झ यांच्या 'वेलकम टू द डॉलहाऊस' (१९९५) या चित्रपटाचा परिचय लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. १९९६ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला चित्रपट. न्यू जर्सीच्या उपनगरात राहणारी, सातवीतली डॉन वीनर ही त्याची नायिका. 'ऑकवर्ड वयाची ब्लॅक कॉमेडी' असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण मग मराठीत लिहायचं कशाला?

सुरुवातीलाच डॉन जेवणाचा ट्रे हातात धरून शाळेच्या कॅफेटेरियात उभी असते. कुठे बसावं हे काही तिला कळत नाही. त्या उभं राहण्याला तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

वयासाठी शब्द तयार आहे: अडनिडं. ना धड लहान, ना धड मोठी. पण तो वयाला लागतो, वेळेला लागतो, जागेला लागतो, माणसाला नाही. 'अडनिडी मुलगी' कुणी म्हणत नाही.

'अवघडलेली मुलगी' मात्र चुकूनही लिहू नका, वाचक महिने मोजायला लागतील! तेच क्रियापद 'अवघडून उभी होती' असं आलं की निर्धोक. आणि 'बावळट' हा तिच्या वर्गातल्या पोरांचा शब्द आहे, परिचय लिहिणाऱ्याचा नव्हे.

प्रतिसाद

'पौगंडावस्था' सुचवणार होतो, पण त्यात एक गंमत आहे. 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि' असा जुना श्लोक आहे. म्हणजे पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पुढे पंधरापर्यंत कैशोर. या हिशेबाने सातवीतली डॉन पौगंड ओलांडून कैशोरात आलेली आहे. मराठीने तो शब्द उचलला आणि चार-पाच वर्षं पुढे सरकवला.

तरीही इथे मी 'पौगंड'च वापरेन. 'किशोरवय' फार गोजिरवाणं वाटतं, त्याला मुरुमं येत नाहीत. 'पौगंड' उच्चारतानाच तोंड वाकडं होतं. शिवाय त्यात 'गंड' ऐकू येतो, न्यूनगंडातला. व्युत्पत्ती म्हणून हे साफ चूक आहे, पण कानाला पटतं.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. मग कॅफेटेरियात ती 'कानकोंडी होऊन उभी होती' चालेल का?

प्रतिसाद

नाही. कानकोंडं व्हायला आधी काहीतरी घडावं लागतं. चारचौघांत कुणी नको ते बोललं, आपलं गुपित फुटलं, की माणूस कानकोंडा होतो, आणि थोड्या वेळाने सावरतो. डॉनचं काही घडण्याआधीच तसं झालेलं असतं आणि ती सावरत नाही. 'ओशाळून' म्हटलं तर तिने काही चूक केल्यासारखं होईल. 'अवघडून'च बरं.

'उपनगर'बद्दल थोडं. आपल्याकडे या शब्दासोबत लोकल आणि गर्दी येते. तिथलं उपनगर म्हणजे ओळीने घरं, हिरवळ आणि दोन घरांमध्ये भरपूर मोकळी जागा. शब्द तोच ठेवा, पण पुढच्या ओळीत ती हिरवळ दाखवा. 'कृष्णविनोद' मला तरी गोकुळातला वाटतो. 'काळा विनोद' म्हणा, नाहीतर सरळ 'ब्लॅक कॉमेडी'. फ्रेंचांचंही 'काळा विनोद'च आहे. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने १९४० साली त्याचा संग्रह काढला.

प्रतिसाद

शब्दांचीच चर्चा आहे म्हणून सांगते, या चित्रपटात शब्दच माणसांना मारतात. डॉनचा एक 'स्पेशल पीपल' नावाचा क्लब असतो. ज्या मुलावर तिचा जीव जडलेला असतो, तोच तिला 'स्पेशल'चा खरा अर्थ सांगतो: मतिमंद. तिला वाटत होतं आपण खास. मराठीत इथे भाषांतरकाराचं नशीब जोरावर आहे. 'विशेष' लिहा, 'विशेष मुलं'मुळे दोन्ही अर्थ आपसूक येतात.

आणि शाळेत तिला चिकटवलेली शिवी ती घरी येऊन धाकट्या बहिणीला घालते. वड्याचं तेल वांग्यावर. आई बाजू घेते ती धाकटीची. मला हसू आलं, आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

प्रश्नकर्ता

'विशेष'बद्दल खास आभार. तूर्त वाक्य असं झालंय: 'अडनिड्या वयात अवघडून उभ्या असलेल्या एका मुलीचा हा काळा विनोद.' तीनदा 'अ' आलाय, तो राहू दे.

आता तिचं टोपणनाव, 'वीनर-डॉग'. आडनावावरून पाडलेलं. लांब अंगाच्या, आखूड पायांच्या डॅक्सहुंड कुत्र्याला तिकडे असंच म्हणतात, शिवाय 'वीनर'ला एक चावट अर्थही आहे. आडनाव, कुत्रा आणि चावटपणा एकाच शब्दात कसे बसवायचे?

प्रतिसाद

बसवू नका. शाळेत पाडलेल्या नावाचं भाषांतर होत नाही. 'वीनर-डॉग'च ठेवा आणि कुत्रा कसा दिसतो ते एका ओळीत सांगा.