व्हिक्टोरिया ३ खेळून इतिहास कळतो का? माझं मत : हो, कळतो

नकाशेवेडी
परवा घरी पाहुणे आलेले, मी लॅपटॉपवर व्हिक्टोरिया ३ लावून बसलेले, तर एक काका म्हणाले की ज्यांनी आपल्याला लुटलं त्या इंग्रजांचं राज्य चालवत बसतेस, तुला काही वाटत नाही का. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सचा गेम, २०२२ ला आला, १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षं, एक देश घ्यायचा आणि चालवायचा. लढाया आहेत पण माझा बहुतेक वेळ बाजारभाव बघण्यातच जातो, लोखंड का महागलं, कोळसा कुठून आणू, कर वाढवला तर कोण भडकेल. मला त्यातच मजा येते.

तर मी ब्रिटन घेतलं होतं. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडून येणारा कापूस आटला, माझ्या गिरण्या तोट्यात, कामगार बिथरलेले. मग मी हिंदुस्थानात कापसाचे मळे वाढवत सुटले, भाव उतरला, गिरण्या सुरू, मी खूश. पुढे युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत यायला लागला आणि त्या मळ्यांची कमाई धाडकन कोसळली, तिथल्या लोकांचं राहणीमान महिन्यामहिन्याला खाली. तो आकडा बघत असताना एकदम शाळेतला धडा आठवला, १८७५ चे दख्खनचे दंगे, शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्धचे. अमेरिकेतलं १८६१ ते ६५ चं युद्ध आणि पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा शेतकरी यांचा संबंध तेव्हा दोन मार्कांसाठी पाठ केला होता, कळला तो आत्ता, रात्री दीड वाजता.

शिवारफेरी
सहमत नाही. माझं आजोळ सुप्याजवळचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

भाव चढला आणि पडला एवढीच ती गोष्ट नाहीये. तेजीत सावकाराने हात सैल सोडला, कापूस लावतोस ना, घे पैसे. तेजी संपल्यावर तोच सावकार पैसे द्यायला तयार नाही, आणि त्याच सुमाराला सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी केली, काही ठिकाणी सारा दुपटीपर्यंत गेला. जुनं व्याज मुद्दलात धरून नवं कर्जखत, त्यावर न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा, असं करत करत जमीन गेली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावचे लोक जमले तेव्हा त्यांनी आधी काय मागितलं? वह्या आणि रोखे. तेच जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही सावकारांची घरंही पेटली, पण राग होता त्या कागदावर.

तुमच्या गेममध्ये तो कागद आहे का? तुम्हाला दिसला एक उतरणारा आकडा, आणि तोही लंडनच्या खुर्चीत बसून. "मळे वाढवत सुटले" हे तुम्ही किती सहज लिहिलंत ते परत वाचून बघा.

घाटवाट
एवढा वेळ पुस्तक वाचण्यात घालवला असता तर जास्त कळलं असतं असं माझं साधं मत.

नकाशेवेडी
@घाटवाट, पुस्तकं वाचतेच, गेममुळे जास्त वाचायला लागले.

@शिवारफेरी, कागदाचं मान्य, अगदी मान्य. सावकार आणि कर्जखत गेममध्ये नाही आणि ते नसेल तर १८७५ अर्धंच कळतं. पण खुर्चीबद्दल बोलायचंय. त्या खुर्चीत बसल्यामुळेच मला धक्का बसला हो. मळे वाढवताना माझ्या मनात हिंदुस्थानातल्या कुणाचं वाईट करायचं नव्हतं, त्यांचा विचारच नव्हता, समोर फक्त गिरण्यांचा तोटा दिसत होता. खरे निर्णय घेणारे सगळे असेच होते असं नाही म्हणत, पण लांब बसून नुसता भाव बघणारा माणूस किती सहज एखादा मुलूख बुडवू शकतो हे मी स्वतः करून पाहिलं, आणि ते करताना मला छान वाटत होतं. हे मला कुठल्या पुस्तकाने असं अंगावर आणून दाखवलं नव्हतं.

शिवारफेरी
तुम्हाला धक्का बसला कारण १८७५ तुमच्या डोक्यात आधीपासून होतं. ज्याला ते माहीत नाही त्याचं काय?

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, पॅराडॉक्सचाच दुसरा गेम, युरोपा युनिव्हर्सालिस ४ (ईयू ४), खेळतो. त्यात नव्या वसाहतीत तिथल्या मूळ लोकांची संख्या एका आकड्यात दिसते, सैन्य नेऊन त्यांच्यावर हल्ला करायचं बटण आहे, आकडा शून्यावर आणला की उठाव व्हायची कटकट संपली. हजार वसाहतकरी झाले की वसाहत पक्की. मी विचारलं, ही माणसं कोण होती रे? तर म्हणाला, मामा ते नेटिव्ह, त्यांना आधी क्लिअर करावं लागतं. मुलगा गुणी आहे, कुणाला टाकून बोलत नाही. पण ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. मला राग गेम खेळण्याचा नाहीये, अशा ठिकाणी गेम खेळणाऱ्याला थांबवतच नाही याचा आहे.

जुना_पेटारा
मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. शिवारफेरींचा मुद्दा खरा आहे, पण मला वाटतं गेमकडे एखाद्या इतिहासकाराचं मत म्हणून बघावं आणि त्याच्याशी भांडावं. ईयू ४ मध्ये सुरुवातीची काही वर्षं भारतीय राज्यांना नवं तंत्रज्ञान महाग पडायचं आणि बरोबरी करायची तर पाश्चात्त्य व्हावं लागायचं, २०१६ ला त्यांनी ती पद्धत काढून टाकली. म्हणजे बनवणाऱ्यांनाही आपली मांडणी बदलावीशी वाटली.

अजून एक, त्यात प्रांताला एकच मालक. आता मोगल बादशहाने मराठ्यांना दिलेल्या १७१९ च्या सनदा घ्या, दख्खनचे सहा सुभे नावाने मोगलांचे, पण वसुलीतली चौथाई आणि वर सरदेशमुखीचा दहावा हिस्सा मराठ्यांचा. हा मुलूख नकाशावर कुठल्या रंगात रंगवणार? हाच प्रश्न मी वर्गात विचारला तर गेम खेळणारी दोन मुलं तासभर वाद घालत होती, एरवी चौथाई म्हटलं की वर्ग पेंगतो.

नकाशेवेडी
@शिवारफेरी, भाच्याचं वाचून मी पण गप्प झाले. ते बटण मीसुद्धा दाबलंय आणि तेव्हा थांबले नाही, हे खरं आहे. गेम थांबवत नाही हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही.

पण त्याला खेळू नको म्हणू नका, शेजारी बसा. व्हिक्टोरियात १८३६ चं पंजाब घ्यायला लावा, महाराजा रणजितसिंह हयात आहेत, राज्य स्वतंत्र आहे आणि शेजारी ईस्ट इंडिया कंपनी येऊन ठेपलीय. तिथून आकडा बनायची वेळ आपल्यावर येते.

शिवारफेरी
अजून पटलेलं नाही. पंजाब हरला तरी तो नवीन गेम सुरू करेल, सुप्याच्या माणसाला ती सोय नव्हती. पण दिवाळीत तो आठ दिवस आमच्याकडे आहे. एक दिवस त्याला सुप्याला नेतो, बाजाराची जागा दाखवतो, मग बसतो त्याच्या शेजारी. पंजाब घेतल्यावर पहिलं काय करायचं असतं तेवढं लिहून ठेवा.

नकाशेवेडी
आधी गेम पॉज करून खजिना आणि बाजारभाव बघायचे, मग बांधकाम. आणि कंपनीशी संबंध पहिल्या वर्षापासूनच सांभाळायचे, लष्कर वाढवायला वेळ मिळतो.