‘परिणाम’ की ‘प्रगती’? आणि ‘यादृच्छिक’ला सोपा शब्द

विचारणा:
आमची संस्था जिल्हा परिषदेच्या शाळांत तिसरी-चौथीसाठी वाचनवर्ग सुरू करतेय. त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे काटेकोर तपासायचंय. आराखडा मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख वाचणार. ‘इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन’ला ‘प्रभाव मूल्यमापन’ चालेल का? ‘रँडम’ला ‘यादृच्छिक’ सोडून काही आहे?

प्रतिसाद:
‘मूल्यमापन’ टाळा. शिक्षकांच्या लेखी तो शब्द मुलांच्या गुणांचा: आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राअखेरचं). आणखी एक परीक्षा आली असंच वाटेल. ‘परिणामाची पडताळणी’ म्हणा.

मात्र ‘परिणाम’ जपून वापरा. जूनमध्ये अक्षर लावत वाचणारी मुलगी मार्चमध्ये गोष्ट सलग वाचते, ही तिची प्रगती. त्यात वर्गशिक्षकांचा वाटा असतो, घरच्यांचा असतो, वाढत्या वयाचाही असतो. वाचनवर्ग नसता तर जेवढी झाली असती, त्याच्या वर जी झाली तो परिणाम. पायाभूत आणि अंतिम चाचणीतला सगळा फरक उपक्रमाच्या नावावर मांडलेला पाहिला की मला फार खटकतं. परिणाम वेगळा काढायला वाचनवर्ग नसलेल्या, तुलनेच्या शाळा हव्यात, आणि त्या वर्ग सुरू होण्याआधीच ठरायला हव्यात.

त्या कशा ठरवायच्या? सोडतीने. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशांमुळे हा शब्द घरोघरी पोचलाय. ‘यादृच्छिक’ ऐकून लोकांना ‘मनाला येईल तशी’ निवड वाटते, आणि इथे तर कुणाचंच मन चालू द्यायचं नाही. उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा आपण निवडल्या, तर शेवटी मोजला जाईल तो त्यांचा उत्साह.

विचारणा:
सोडत पटली. पण ‘आमच्या शाळेला का नाही?’ हा प्रश्न येणारच.

प्रतिसाद:
‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पडताळणी वाचा, मुंबई आणि वडोदऱ्यातली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून शिकवायची. वडोदऱ्यात २००१-०२ मध्ये निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, उरलेल्यांना चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल. रिकाम्या हाती एकही शाळा राहिली नाही, आणि एका गटातली तिसरी दुसऱ्या गटातल्या तिसरीशी ताडून पाहता आली. दुसऱ्या वर्षी गुणांतली वाढ ०.२८ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप) इतकी भरली, तीही मुख्यतः तळाच्या मुलांमुळे. उपक्रम सुटल्यावर वर्षभराने त्यातली बरीच ओसरली होती, म्हणून वर्षभरानंतरची एक चाचणी आराखड्यात आत्ताच लिहून ठेवा.

आणखी एक प्रतिसाद:
तुलनेच्या शाळांना ‘नियंत्रित गट’ही म्हणू नका, त्या शाळांवर कुणीतरी लक्ष ठेवून आहे असं वाटतं. ‘तुलना-शाळा’ पुरे. आणि सोडत शाळांची काढणार असाल तर शाळांची संख्या बघा. दहा शाळांत हजार मुलं असली तरी चिठ्ठ्या दहाच, आणि एवढ्या थोड्या चिठ्ठ्यांवर तुलना भरवशाची होत नाही.